चैत्रातली लहरी हवा : परसबाग कशी सांभाळायची, उतरलेल्या मालाचं काय करायचं? (बागकामाच्या मंचावरची चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

परसदार

पुण्याच्या पूर्वेला, घरामागे अर्ध्या गुंठ्याच्या आसपास परसबाग आहे. मध्यम काळी माती, पाणी बोअरचं. मांडवावर काकडी, दोडका आणि दुधी, वाफ्यात टोमॅटो, वांगी, भेंडी, कडेला पालक-कोथिंबीर. कोपऱ्यात केसर आंब्याचं वाढलेलं झाड आणि एक शेवगा.

सध्या पहाटे 17-18 अंश, दुपारी 37-38. मध्येच दोन दिवस आभाळ भरून येतं, संध्याकाळी वारं सुटतं आणि अर्धा तास पाऊस झोडपून जातो. त्यानंतर हे दिसतंय:

काकडीच्या जुन्या पानांवर पांढरी पूड, काही पानांवर पिवळे डाग. काकड्या देठाकडे कडू. दोडक्याला फुलं भरपूर, पण छोटी दोडकी पिवळी पडून गळतात. टोमॅटो तडकतात, काहींचं बूड काळं पडतं. पालक-कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर येते. वाऱ्याने सुपारीएवढ्या ते लिंबाएवढ्या कैऱ्यांचा सडा पडतो.

फवारणी शक्य तितकी कमी करायची आहे, कारण भाजी रोज घरात खाल्ली जाते. आणि पडलेल्या कैऱ्या, हिरवे टोमॅटो वाया घालवायचे नाहीत. नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने करावं?

वेलमांडव

आधी रोग ओळखा. तुमच्याकडे बहुधा एकाच वेली‍वर दोन वेगळे रोग आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

पांढरी पूड म्हणजे भुरी. बोटाने पुसली तर निघते, पानाच्या वरच्या बाजूने सुरुवात होते. हिला पान ओलं असण्याची गरज नसते. दिवस कोरडा, रात्र दमट आणि मांडवात दाटी असली की ती पसरते. उलट जोराचा पाऊस तिची पूड धुऊन टाकतो. पिवळे डाग शिरांच्या मधोमध, कोनदार, चौकटीत बसवल्यासारखे असतील आणि सकाळी पान उलटून पाहिल्यावर खाली करडी-जांभळट बुरशी दिसली, तर तो केवडा. त्याला पानावर पाणी साचावं लागतं, म्हणून तो पावसानंतर चार-पाच दिवसांनी दिसतो. ढगाळ पण कोरडे दिवस गेले की भुरी, पाऊस झाला की केवडा, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी चुकीची फवारणी वाचते.

दोन्हींवर पहिलं काम कात्रीचं. जमिनीलगतची, पिवळी पडलेली, एकमेकांवर चढलेली पानं काढा. एका वेळी वेलीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर फळं उन्हाने भाजतात. काढलेली पानं खतखड्ड्यात टाकू नका. पानं ओली असताना वेलीत हातच घालू नये. केवडा हातांनी आणि कपड्यांनी पुढच्या वेलीवर जातो.

भुरीला सुरुवातीलाच दूध चांगलं काम करतं: 1 भाग दूध, 9 भाग पाणी, सकाळी ऊन पडायला लागल्यावर, पानाच्या दोन्ही बाजूंनी, आठवड्यातून एकदा. दूध यापेक्षा बरंच दाट केलं तर पानावर काळी बुरशी धरते आणि वासही येतो. पान अर्ध्याहून जास्त पांढरं झालं असेल तर दुधाने काही होणार नाही, ते पान काढाच.

बरेच जण पाण्यात विरघळणारं गंधक सुचवतील, लिटरला 2 ग्रॅम. ते भुरीवर चालतं, पण तापमान 32 च्या वर गेलं की पानं करपतात आणि काकडीवर्गातल्या वेली त्याला जास्तच नाजूक. तुमच्याकडे दुपारी 37-38 आहे, म्हणजे आता गंधक नकोच. निंबोळी तेल वापरणार असाल तर गंधकाच्या आगेमागे दोन आठवडे ते वापरू नये.

केवड्याला दूध आणि गंधक दोन्ही निरुपयोगी. तिथे कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) लिटरला अडीच ग्रॅम, पाऊस येऊन गेल्यावर पानं सुकली की संध्याकाळी. डब्यावर लिहिलेला तोडणीपूर्व काळ, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे दिवस, पाळा. म्हणजेच खाण्याजोगं सगळं आधी तोडून घ्यायचं, मग फवारायचं.

दोडक्याची गळ हा रोग नव्हे. दोडक्याचं आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, काकडीचं आणि कारल्याचं सकाळी. संध्याकाळी वारा-पाऊस आला की नेमक्या त्याच वेळी परागीभवन बुडतं आणि फलधारणा न झालेलं कोवळं दोडकं दोन-तीन दिवसांत पिवळं पडतं. उपाय हाताने: साडेपाच-सहाच्या सुमारास ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. मादी फूल ओळखायला सोपं, मागे बोटभर दोडकं असतंच. नुसती नर फुलं येत असतील तर ते उष्णता आणि नत्र जास्त झाल्याचं लक्षण. शेणखताचं पाणी, युरिया पंधरा-वीस दिवस बंद ठेवा.

गळलेलं दोडकं वाकडं असून त्यावर डिंकाचा थेंब दिसला तर मात्र ती फळमाशी. तिला क्यू ल्यूरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधद्रव्याचा) सापळा लागतो. आंब्यावरच्या फळमाशीसाठीचा मिथाईल युजेनॉल वेगळा, तो इथे चालत नाही. दुकानात वेगवेगळे मागून घ्या. डंख केलेली फळं जमिनीवर राहू देऊ नका. काळ्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, आतल्या अळ्या मरतात.

पाणीपाळी

तडकलेले टोमॅटो, काळं बूड आणि कडू काकडी, या तिन्हींचं मूळ एकच: पाण्यातला चढउतार.

काळी माती दोन दिवस सुकू दिली की आकसते. मग एकदम भरपूर पाणी किंवा पाऊस मिळाला की फळाचा गर सालीपेक्षा वेगाने फुगतो आणि साल फाटते. काळ्या बुडाचं कारण फळाच्या टोकाला कॅल्शियम न पोचणं. मातीत कॅल्शियम असतंच, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. पाणी तुटलं की ते पानांकडे जातं, कारण पानांतून बाष्पीभवन जास्त होतं. म्हणून अंड्याची टरफलं टाकून या हंगामात फरक पडणार नाही, ती कुजायलाच महिने लागतात. पाणी नियमित झालं की पुढच्या घोसाला बूड काळं पडत नाही.

काकडीचा कडवटपणा वेलीतल्याच एका कडू द्रव्याचा. उष्णता आणि पाण्याचा ताण पडला की ते फळात उतरतं, देठाकडे आणि सालीखाली जास्त. ताण सुरू असताना धरलेल्या काकड्या नंतर पाणी दिलं तरी गोड होत नाहीत. त्या काढून टाका आणि नव्या धरू द्या.

या दिवसांत मोठ्या टोमॅटोला रोज साधारण 2 लिटर, फळं धरलेल्या वेलीला 3 लिटर, सकाळी नऊच्या आत आणि मुळाशी. अंदाजाने देण्यापेक्षा माती बघा: बोटभर खोलीची मूठभर माती दाबली, तिचा गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला, तर वाफसा आहे, आज पाणी नको. गोळाच होत नसेल तर द्या. चिखलासारखा चिकटत असेल तर दोन दिवस थांबा. वर वाळला पाला किंवा उसाचं पाचट 5 ते 7 सेंटिमीटर जाडीचं पसरा, खोडापासून चार बोटं मोकळी सोडून. पावसात मातीचे शिंतोडे पानांवर उडून करपा चढतो, तोही यामुळे थांबतो. टोमॅटोची जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका.

आता पावसाबद्दल. फाल्गुन-चैत्रात बंगालच्या उपसागरावरून येणारं बाष्प आणि वायव्येकडचे कोरडे वारे मध्य भारतावर भिडतात. जमीन तापलेली असल्याने दुपारी ढग उंच वाढतात आणि तीन ते सहाच्या दरम्यान कोसळतात. ढगाचा माथा खूप उंच गेला की गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात अशाच गारपिटीने फार मोठं नुकसान झालं होतं. सकाळी अकरालाच घामट उकाडा वाटून ढग फुलकोबीसारखे वर चढताना दिसले, तर त्या दिवशी आणखी पाणी देऊ नका आणि तोडणी दुपारच्या आत उरका. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो मेघदूत ॲपवर जिल्ह्यानुसार वाचता येतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे. गडगडाट ऐकू येतोय तोवर कैऱ्या वेचायला झाडाखाली जाऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

पाऊस येऊन गेल्यावरचा क्रम: साचलेलं पाणी त्याच संध्याकाळी काढून द्या. दुसऱ्या दिवशी पाचट उलटून वाळू द्या. वाफसा आल्यावर वरची कडक पापडी खुरप्याने हलकी फोडा, दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नको. गारा पडल्या असतील तर लगेच छाटणी करू नका. तीन दिवसांत कोणतं पान जगणार ते कळतं. फाटलेलं पण हिरवं पान झाडाला अजून पोसत असतं.

शेडनेटबद्दल एक गोष्ट हमखास चुकते. लोक ती सपाट ताणतात. सपाट जाळीवर गारा साचतात आणि वजनाने सगळं खाली येतं. उतार ठेवा, म्हणजे त्या घसरून बाजूला पडतील.

मोहोर

आंब्याकडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. इकडे रत्नागिरीला हापूस असला तरी गळीची कारणं केसरलाही तीच.

मोहोरातल्या हजारो फुलांतून मोजकीच फळं शेवटपर्यंत टिकतात, त्यामुळे वाटाण्याएवढी गळणं स्वाभाविक आहे. सुपारीच्या पुढची गळ मात्र पाणी आणि अन्न यांच्या ओढीमुळे वाढते. फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून मोठ्या झाडाला दर पंधरा दिवसांनी 150 ते 200 लिटर पाणी, तीन-चार वेळा. खोडाशी ओतू नका. भर दुपारी झाडाची सावली जिथपर्यंत पडते त्या कडेला गोल आळं करून तिथे द्या, पाणी घेणारी मुळं तिथेच असतात. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद, नाहीतर फळ पाणचट होतं.

पोटॅशियम नायट्रेट 1 टक्का, म्हणजे 10 लिटरला 100 ग्रॅम, फळ वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढं असताना अशा तीन फवारण्या. वाढनियंत्रक एन.ए.ए. वापरायचं तर 4.5 टक्क्यांचं द्रावण 10 लिटर पाण्याला साडेचार मिलीच घ्या. जास्त झालं तर तेच गळ करतं, म्हणून मोजायला सिरिंज वापरा. परसातल्या एका झाडाला मात्र पाणीच पुरेसं होतं असं माझं मत.

फळं अंड्याएवढी झाली की हाताला येतील तेवढ्यांना कागदी पिशव्या घाला, साधारण 25 बाय 20 सेंटिमीटर. वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदाच्याही चालतात, फक्त वळवाच्या पहिल्या सरीनंतर फाटलेल्या बदलाव्या लागतात. डाग, फळमाशी आणि साका (गर स्पंजासारखा होण्याचा दोष), तिन्ही कमी होतात. मिथाईल युजेनॉलचा एक रक्षक सापळा काढणीच्या महिनाभर आधीपासून सावलीत, छातीएवढ्या उंचीवर टांगा.

परसदार

मनापासून आभार. वेली तपासल्या: वरच्या पानांवर भुरी, खालच्या तीन-चार पानांवर केवडाच. दोन प्रश्न राहिले. पालक-कोथिंबिरीच्या जागी आता काय लावावं? आणि रोज किलोभर पडणाऱ्या कैऱ्यांचं आकारानुसार काय करायचं? काही गारांनी खरचटलेल्या आहेत.

चुलीजवळ

पालक आणि कोथिंबीर लांबत्या दिवसांमुळे आणि उष्णतेमुळे फुलावर येतात, त्यांना पाणी वाढवून थांबवता येत नाही. पालकाचा वाफा मोडा. त्या जागी तांदुळजा, लाल माठ, अंबाडी, चुका. तांदुळजा तीन-साडेतीन आठवड्यांत कापणीला येतो आणि मुळासकट न उपटता चार बोटं ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. मोठी मेथी आता होणार नाही, पण मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत करतात तशी बारीक मेथी होते: उथळ ट्रेमध्ये निम्मी वाळू निम्मी माती, रात्रभर भिजवलेली मेथी दाट पेरायची, अर्धवट सावलीत दोन वेळा शिंपण, दोन आठवड्यांत जुडी तयार. लसूण घालून केलेली तिची भाजी या दिवसांत फार चांगली लागते. कोथिंबीर हवीच असेल तर धणे रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि 50 टक्के सावलीच्या जाळीखाली दर दहा दिवसांनी वीतभर ओळ पेरा. मोठी होण्याची वाट न बघता कोवळीच कापा.

आता कैऱ्या. आधी निवड: पडलेली प्रत्येक कैरी धुऊन, देठाचा चीक काढायला अर्धा तास पाण्यात ठेवा आणि पुसून तीन ढीग करा. कोय न धरलेल्या, कोय धरलेल्या पण अखंड, आणि खरचटलेल्या.

कोय न धरलेल्या बाळकैऱ्या अखंड खारवायच्या. 1 लिटर पाण्यात 150 ग्रॅम मीठ उकळून पूर्ण गार करा, काचेच्या बरणीत कैऱ्या भरून पाणी ओता, वर वाटी ठेवून त्या बुडालेल्या राहतील असं करा. पंधरा दिवसांत खाण्यायोग्य होतात. वर तरंगलेली कैरी आधी पांढरी होते आणि मग सगळी बरणी बिघडते, म्हणून वाटी महत्त्वाची.

अखंड, कोय धरलेल्या कैऱ्यांचं पन्हं. कुकरला दोन शिट्ट्या, गार झाल्यावर गर काढून मोजा. 1 वाटी गराला दीड वाटी किसलेला गूळ, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा वेलची. गूळ विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा, म्हणजे फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस टिकतं. पेल्याला तीन मोठे चमचे आणि गार पाणी. लहान कैऱ्या जास्त आंबट आणि कमी गराच्या असतात, त्यांना गूळ पावणेदोन वाटी लागतो.

खरचटलेल्या त्याच दिवशी संपवा. तपकिरी भाग दोन मिलिमीटर खोल कापून टाका आणि उरलेल्या किसा. आंबेडाळीला 1 वाटी हरभराडाळ चार तास भिजवा, चाळणीत पूर्ण निथळा, पाणी न घालता जाडसर वाटा. अर्धी ते पाऊण वाटी कैरीचा कीस, चवीला साखर-मीठ, वरून मोहरी-हिंग-हळद आणि सुक्या मिरचीची गार केलेली फोडणी. डाळ ओली राहिली किंवा फोडणी गरम ओतली की तिचा गोळा होतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मोठ्या प्रमाणात करताना हेच बिघडतं. उकाड्यात ती चार तासांच्या वर बाहेर ठेवू नका.

लोणच्याला पडलेल्या कैऱ्या घेऊ नका. आपटल्यामुळे आतून मऊ झालेली एक फोड सगळी बरणी नासवते. आंबोशीही सलग तीन दिवस कडक ऊन दिसत असेल तरच घाला. पहिल्या दिवशी आभाळ आलं तर फोडी काळपट पडतात आणि दुसऱ्या दिवशी बुरशी येते. अशा वेळी अर्धवट वाळलेल्या फोडींचा लगेच मेथांबा करा: 2 वाट्या फोडी, 1 चमचा मेथीदाणे तेलात तांबूस करून, तिखट, मीठ, अर्धी वाटी पाणी, फोडी शिजल्यावर सव्वा वाटी गूळ. मेथी काळी झाली तर सगळंच कडू होतं.

हिरव्या टोमॅटोंपैकी बुडाशी गुलाबी झाक आलेले घरात टोपलीत पिकतात, फ्रिजमध्ये ठेवू नका. पूर्ण हिरवे पाव किलो, तीन मिरच्या, चार लसूण पाकळ्या तेलात परतून, दोन चमचे भाजलेले तीळ घालून पाट्यावर किंवा मिक्सरला जाडसर वाटा. काळ्या बुडाचे टोमॅटोही काळा भाग कापून यात चालतात.

काकडी किसण्याआधी देठाकडचा तुकडा चाखा. किंचित कडू असेल तर देठाकडचे तीन-चार सेंटिमीटर टाका आणि साल जाड काढा. दुधीच्या बाबतीत मात्र अशी काटकसर अजिबात नको. दुधी कडू लागला तर तो शिजवून, साल काढून, रस काढून, कशानेही खाण्याजोगा होत नाही. पोटात तीव्र विषबाधा होते. पूर्ण फळ टाकून द्या. चिरण्याआधी चाखायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

वेलमांडव

कडू दुधीचं सांगितलं ते बरं झालं. त्यात भर एवढीच की ज्या वेलीला एक दुधी कडू आला, तिचं बी धरू नका.

एका मुद्द्यावर वेगळं मत: कोथिंबिरीचे फुलावर आलेले वाफे सगळे मोडू नका, एक कोपरा ठेवा. त्या फुलांवर मधमाश्या येतात आणि सकाळी उमलणाऱ्या काकडीच्या फुलांचं काम सोपं होतं. हिरवे धणे महिनाभरात मिळतात. ते मिरचीच्या ठेच्यात घालून बघा, वाळलेल्या धण्यांना ती चव नाही.

मोहोर

शेवग्याचं राहिलं. आता शेंगा पेनाएवढ्या जाड असतानाच काढा. पावसाच्या एका सरीनंतर त्या झपाट्याने निबर होतात आणि ओझ्याने फांदी वाऱ्यात मोडते, कारण शेवग्याचं लाकूड ठिसूळ. तोडणी संपली की एप्रिलअखेर ते मेमध्ये खोड जमिनीपासून मीटरभर ठेवून छाटा. कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट: 100 ग्रॅम मोरचूद निम्म्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना निम्म्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगळे विरघळवून गार झाल्यावर एकत्र करायचे. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी आणखी घाला. त्याच दिवशी ब्रशने लावून संपवा, दुसऱ्या दिवशी ती उपयोगाची राहत नाही.